सुनीलची दोनशे बारा उड्डाणं

६ जानेवारी २०२५, सकाळी ७

नवीन रोजनिशी. पाच दिवस उशीर झाला, ते सुट्टीत धरायचे. संकल्प: रोज लिहायचं. २० फेब्रुवारीचा डेमो जिंकायचा. सुनीलच्या आईला भेटून यायचं. शेवटचा याच आठवड्यात.

आपलं ड्रोन उपग्रहाच्या भरवशावर नाही. जीपीएस जाम करा, बंद करा, ते कॅमेऱ्यानं खालची जमीन बघतं, ओळखतं आणि बरोबर पोचतं. डेमोला दिल्लीचे दोन अधिकारी येणार. ऑर्डर मिळाली तर कंपनी राहिली. न मिळाल्यास काय, हा विचार करायचा नाही, हाही संकल्पच.

९ जानेवारी

पेठ तालुक्याच्या बाजूच्या माळावर चाचणी. ड्रोनला टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी उतरायचं होतं. टाकीपर्यंत नीट गेलं. तिथे जरा थांबलं आणि डावीकडे वळून दोन किलोमीटरवरच्या पाड्यात, सिंधुबाईंच्या अंगणावर घिरट्या घालू लागलं. सिंधुबाई म्हणजे सुनीलची आई; आमची ड्रोन तोच उडवायचा. अमोलनं रिमोट घेऊन परत आणलं. अमोल आमचा इंजिनीअर, कमी बोलतो.

कारण: वारा.

सिंधुबाईंकडे जाणारच होतो, गाडीनं पाच मिनिटं. पण डिकीत बॅटऱ्या होत्या. बॅटऱ्या उन्हात ठेवू नयेत. परतताना लांबच्या रस्त्यानं आलो, तो रस्ता सावलीचा आहे.

१० जानेवारी

पुन्हा तेच अंगण. वारा नव्हता.

संध्याकाळी सिंधुबाईंचा अमोलला फोन, की अंगणात नागली वाळत घातली व्हती, तुमच्या यंत्रानं समदी उडवली. अमोलला माफी मागायला लावली, कंपनीच्या वतीनं. त्यांनी माझी चौकशी केली म्हणे, की भाऊ बरे हायेत ना. मी मीटिंगमध्ये आहे असं त्यानं सांगितलं. मी समोरच बसलो होतो.

१७ जानेवारी

लॅपटॉपवरच्या सूचनांचा आवाज बदलायला हवा. सगळ्या सुनीलच्या आवाजात आहेत, त्यानंच हौसेनं रेकॉर्ड केल्या होत्या. बॅटरी उतरली की तो म्हणतो, की भाऊ, बॅटरी लय कमी हाय, मी घरी निघालो. आज दिवसभर ऐकलं. दचकायचं बंद झालं आहे, जवळजवळ.

दुपारी इंग्रजी बाईचा आवाज टाकला. उच्चार उत्तम. चारला परत सुनील टाकला. बाईची फाइल फार जड होती.

२२ जानेवारी

माझी बायको शुभांगी आज जेवताना म्हणाली, की सहा महिने झाले, एकदा सिंधुबाईंकडे जाऊन ये. मी म्हटलं, डेमोनंतर. ती म्हणाली, की सुनीलच्या दहाव्यालाही गेला नाहीस. दहाव्याच्या दिवशी इन्व्हेस्टरचा कॉल होता, हे तिला माहीत आहे. कॉल अकरा मिनिटांत संपला, हे माहीत नाही.

इथे एकदाच स्पष्ट लिहून ठेवतो. ११ जुलैला आमचं दुसरं ड्रोन ओढ्यापलीकडे पडलं होतं. सुनील पावसात मोटरसायकल घेऊन ते आणायला निघाला आणि उतारावर घसरला. मी त्याला पाठवलं नव्हतं. तो स्वतःहून गेला. सगळ्यांना मी असंच सांगितलं आहे आणि त्यात काही बदल नाही.

आमटी खारट होती.

२७ जानेवारी

अमोलला कारण सापडलं. ड्रोनला जमिनीची ओळख करून द्यायला दोनशे बारा उड्डाणं केली होती, सगळी सुनीलनं. माळ, ओढा, टाकी, शाळेचं छप्पर सगळं त्यात आहे. पण हा पठ्ठ्या दुपारी भूक लागली की ड्रोन घरच्या अंगणात उतरवायचा. जेवायचा, तोवर घरात बॅटरी चार्ज व्हायची. ड्रोन एवढंच शिकलं, की काम झालं की या अंगणात जायचं. अमोल म्हणाला, की यात यंत्राची चूक नाही, त्याला कुणी दुसरं घर दाखवलंच नाही.

उपाय सोपा: उड्डाणांच्या व्हिडिओंतले अंगणाचे शेवटचे तुकडे पुसायचे, ड्रोनला पुन्हा शिकवायचं. मी म्हटलं, हे जबाबदारीचं काम आहे, मी स्वतः करतो. दोन दिवस पुरे.

३ फेब्रुवारी

पुसण्याआधी एकदा बघणं भाग आहे. क्वालिटी चेक. कॅमेरा खाली बघतो, त्यामुळे सुनीलचा चेहरा कुठेच नाही. टोपी, खांदे, ड्रोन धरायला वर आलेला हात. बाजूला धुळीमुळे तोंडावर पदर धरून सिंधुबाई.

बघितले: एकोणीस. पुसले: शून्य. उद्यापासून वेग वाढवायचा.

११ फेब्रुवारी

बघितले: दीडशे. एकशे त्रेचाळिसाव्यात त्यानं ड्रोनला भाकरीचा तुकडा दाखवला आहे. चार वेळा बघितलं, तांत्रिक कारणासाठी.

सिंधुबाईंनी नागली शेजारच्या खळ्यावर हलवल्याचं अमोल सांगत होता. यंत्राला उतरायला जागा राहावी म्हणून अंगण सारवून मोकळं ठेवलंय. मी विषय बदलला.

१८ फेब्रुवारी

सगळे बघून झाले. अमोलनं विचारलं, पुसले का. हो म्हटलं. पुन्हा शिकवलं का. हो म्हटलं. एक चाचणी घेऊ म्हणाला. मी म्हटलं, बॅटऱ्या डेमोसाठी जपू.

ऐनवेळी ड्रोनला स्वतःलाच समजेल. शेवटी ऑटोनॉमस आहे.

२० फेब्रुवारी, सकाळी ६

यश नक्की. पेढे दोन किलो.

२० फेब्रुवारी, दुपारी १२

जीपीएस जाम केलं. ड्रोन देखणं उडालं, टाकीवर पोचलं. दोन्ही अधिकारी व्हेरी गुड म्हणाले. मग ते डावीकडे वळलं आणि लॅपटॉपमधून सुनील म्हणाला, की भाऊ, मी घरी निघालो. साहेबांनी विचारलं, काय म्हणतंय. अमोलनं हिंदीत सांगितलं, की घर जा रहा है. किसका घर, असं त्यांनी विचारलं. मी पेढे पुढे केले.

अर्ध्या तासात ते गेले. पेढे नेले. अमोलनं फोल्डर उघडून बघितलं, दोनशे बाराच्या दोनशे बारा फाइल तिथेच. गाडीची किल्ली माझ्या हातात दिली.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी

ड्रोन अंगणाच्या मधोमध बसलं होतं. सिंधुबाईंनी एवढे दिवस का आला नाहीत, असं विचारलं नाही. हातपाय धुवायला पाणी दिलं, बसवलं, ताट वाढलं. त्या दिवशी रस्ता खराब होता, पाऊस होता, हे मी वाटेत पाठ केलं होतं. म्हणायला सुरुवातही केली.

त्या वाढता वाढता म्हणाल्या, की तुमचा फोन आला तवा तो जेवत व्हता, भाऊ. मी म्हनलं, जेवून जा. तर म्हनला, की भाऊ वाट बघतात, आणि तसाच उठला.

त्यांना हे सात महिने माहीत होतं. आवाजात राग नव्हता. मला रागच बरा वाटला असता.

मग त्यांनी एवढंच विचारलं, की एवढी काय घाई व्हती.

मी म्हटलं, काही घाई नव्हती.