पत्रिका न जुळवणारी कळ

मी, आनंदराज साहेबराव गजभारे, वय वर्षे छप्पन, धंदा प्रोग्रामिंग, मूळ गाव लोहा तालुक्यातलं, जिल्हा नांदेड, हल्ली राहणार लातूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉ. महांतेश हलकुडे यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. पुढच्या सोमवारी हैदराबादला माझी बायपास आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरायचं काही कारण नाही. मीही तीस वर्षं ग्राहकांना हेच सांगत आलो, म्हणून लिहून ठेवलेलं बरं.

माझं लग्न झालेलं नाही. वडील कालकथित साहेबराव, आई कालकथित कोंडाबाई, दोघंही गेले; बहीणही गेली. तिची मुलगी ॲड. लुंबिनी नांदेडला वकिली करते. तीच माझी वारस आणि या कागदाची अंमलबजावणी करणारीही तीच. "मामा, मुद्द्याचं लिहा, भाषण नको," असं तिने फोनवर बजावलं आहे. प्रयत्न करतो.

कलम १. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. त्रिसरण-पंचशील म्हणावं, तेवढं पुरे. मुलांना शिकायला देह मिळत नाही आणि आपण तो जाळून टाकतो, हे मला कधी पटलं नाही. आपल्याकडे विज्ञान हा मार्क पाडायचा विषय झालाय. लातूर पॅटर्नने घरोघरी डॉक्टर केले, त्याचा मला अभिमानच आहे, पण त्यातले बरेच जण नवी गाडी घेतली की चाकाखाली लिंबू ठेवतात. लुंबिनी, हे भाषण नाही, नोंद आहे.

कलम २. माझा दोन खोल्यांचा फ्लॅट, आतल्या सामानासह, आणि बँकेत जे असेल ते लुंबिनीला. मराठी पुस्तकं गावच्या विहाराच्या वाचनालयाला द्यावीत. कॉम्प्युटरची जाडजूड इंग्रजी पुस्तकं रद्दीत घालावीत. त्यातलं सगळं दर पाच वर्षांनी खोटं ठरत आलंय.

कलम ३. दोन कॉम्प्युटर, एक लॅपटॉप, मोबाइल, हेही लुंबिनीला. सगळे पासवर्ड तूरडाळीच्या डब्यात कागदावर लिहून ठेवले आहेत. पासवर्ड कागदावर लिहू नये असं जगभर सांगतात. सांगणारे मेल्यावर त्यांच्या भाच्यांनी काय करायचं, ते कोणी सांगत नाही. लॅपटॉपवर ते हल्लीचं बोलणारं मशीनही आहे. ते लई गोड बोलतं, सगळ्याचं उत्तर देतं, पण 'मला ठाऊक नाही' असं त्याच्या तोंडून क्वचितच निघतं. आमच्या गावात असल्या माणसाला सोयरीक जमवायला पाठवायचे. त्याच्यावर फार विसंबू नये.

कलम ४. श्रीशैल विरूपाक्ष शेटकार, मूळ राहणार उदगीर, हल्ली लातूर, याला माझ्याकडून काहीही मिळू नये. त्याने माझ्या शेवटच्या दर्शनाला येऊ नये. आला तर लुंबिनीने त्याला दारातून परत पाठवावं. कारण खाली लिहितो, म्हणजे उद्या कोणी 'बिचारा म्हातारपणी भ्रमला होता' असं म्हणायला नको.

श्रीशैल आणि मी पॉलिटेक्निकला एका बाकावर होतो. सत्त्याण्णव साली त्याने गंजगोलाईजवळ कॉम्प्युटर सेंटर टाकलं, मी प्रोग्रामर. काम काय, तर पत्रिका जुळवायचं. मी बौद्ध, पत्रिका मानत नाही. श्रीशैल लिंगायत, त्यांच्यातही मुळात मानायला नको. पण दुसरं काम नव्हतं आणि गणित अवघड होतं, म्हणून मला त्याची गोडी लागली. जन्मवेळ टाकली की मशीन छत्तीसपैकी गुण काढायचं, प्रिंटर करकर करत कागद बाहेर टाकायचा. कागदावर एका शास्त्रीबुवांचं नाव छापलेलं असायचं. असे कोणी शास्त्री नव्हते. गजभारे नावाच्या माणसाने काढलेली पत्रिका कोणी घेतली नसती, हे मला श्रीशैलने हसत सांगितलं आणि मीही हसलो. तिथेच मला कळायला हवं होतं.

पुढे एक गिऱ्हाईक आलं. मुलगा नात्यातला, मुलगी द्यायची नाही, तोंडावर नाही म्हणता येत नाही. "तेवढे गुण जरा कमी करून द्या की," म्हणाले. आपल्याकडे 'मुलगा पसंत नाही' असं कोणी म्हणतं का? 'पत्रिका जुळत नाही' म्हणायचं, चहा प्यायचा, उठायचं. श्रीशैल मला म्हणाला, "लोकाची सोय होईल, कायतरी कर." मी अर्ध्या तासात करून दिलं. एफ-नाइनची कळ दाबली की खरे गुण कितीही असोत, कागदावर अठराच्या आत छापले जायचे. अठराच्या आत म्हणजे लग्न नाही. आपल्या समाजाचं एक जुनं वाक्य होतं, मी त्याला फक्त कळ जोडली. ही कळ श्रीशैलला आणि मला, दोघांनाच ठाऊक होती.

श्रीशैलची धाकटी बहीण मंजुश्री सेंटरवर ऑपरेटर होती. डॉसच्या आज्ञा तिला मी शिकवल्या. माझ्या प्रत्येक विनोदावर हसायची. मी चुकलो की "आनंदराज सर, हे काय करून राहिलात?" म्हणायची. मला ती आवडायची, आणि मी तिला आवडतो याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात मी रीतीप्रमाणे श्रीशैलला विचारलं. तो माझ्या घरी जेवलेला, जयंतीच्या मिरवणुकीत माझ्या खांद्याला खांदा लावून चाललेला. म्हणाला, "माझं काय नाही रे. पण अव्वासाठी पत्रिका बघू." त्याची आई महादेवी अव्वा. माझी पत्रिका कुठली असणार? दवाखान्याच्या चिठ्ठीवरची जन्मवेळ दिली.

दोन दिवसांनी त्याने माझ्या हातात कागद ठेवला. छत्तीसपैकी नऊ. मी विचारलं, "एफ-नाइन दाबलास का?" तो खाली बघत होता. मग म्हणाला, "हाव. मी दाबलो." मंजुश्री पलीकडच्या टेबलावर मान खाली घालून बसली होती. रडत असणार, असं मी समजलो.

मी त्याच दिवशी सेंटर सोडलं. महिन्या-दोन महिन्यांत तिचं धर्माबादच्या मिरचीच्या व्यापाऱ्याकडे लग्न झालं. मी नंतर कुठे पत्रिका लावली नाही, कुठे मुलगी बघायला गेलो नाही. दुश्मनाने केलं असतं तर विसरलो असतो. माझ्याच हाताने लिहिलेला प्रोग्राम माझ्या दोस्ताने माझ्याच गळ्यावर फिरवला. 'जात तोंडाने बोलत नाही, प्रिंटरने बोलते' असं एक व्याख्यान मी तीन जयंत्यांना तीन गावांत दिलं. नाव घेतलं नाही, पण लातुरात नाव कशाला घ्यावं लागतं?

कलम ५. माझ्या कपाटात निळ्या पाकिटात एक पेन ड्राइव्ह आहे. एफ-नाइन दाबली की प्रोग्राम गुपचूप एक नोंद करायचा: तारीख, दोन्ही नावं, खरे गुण, छापलेले गुण. सेंटर सोडताना ती फाइल मी फ्लॉपीवर उतरवून आणली होती, पेन ड्राइव्हवर नंतर घेतली. घरी उघडून आमच्या ओळीतले खरे गुण तेवढे पाहिले. साडेसव्वीस. मी पत्रिका मानत नाही, तरी साडेसव्वीस बघून मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

तेव्हाच मंजुश्रीला का सांगितलं नाही? कारण सांगायचं तर ती कळ कोणी लिहिली, हेही सांगावं लागलं असतं. आता मला लाज राहिलेली नाही. लुंबिनीने स्वतः धर्माबादला जाऊन ही फाइल मंजुश्रीच्या हातात द्यावी आणि सांगावं की आपलं जुळत होतं, तुझ्या भावाने दोघांनाही फसवलं. एवढं तिला कळलं पाहिजे. या कागदातलं बाकी काही झालं नाही तरी चालेल, हे झालंच पाहिजे.

येथवर मंगळवारी लिहिलं. पुढचं बुधवारचं.

लुंबिनीने सांगितलं होतं की दिलेल्या वस्तूचं वर्णन चोख हवं, म्हणून आमच्या ओळीचा नंबर लिहून घ्यायला आज सकाळी मी फाइल उघडली. जुन्या काळ्या स्क्रीनवर एका ओळीत ऐंशी अक्षरंच मावायची; त्यापुढचं उजवीकडे सरकवल्याशिवाय दिसायचं नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी मी सरकवलं नव्हतं. लॅपटॉपच्या रुंद स्क्रीनवर ओळ पूर्ण दिसली. शेवटी एक आकडा होता. कळ कोणत्या ऑपरेटरने दाबली, तो नंबर. मीच लिहिलेलं, मीच विसरलो. श्रीशैलचा नंबर एक. आमच्या ओळीच्या शेवटी दोन होता.

दोन म्हणजे मंजुश्री.

मी श्रीशैलला फोन लावला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. "दोन नंबर कोणाचा होता?" विचारलं. तो म्हणाला, "आता कशाला काढून राहिलास ते? थांब, येतो."

अर्ध्या तासात आला. गुडघे गेलेत त्याचे, दोन जिने चढून धापा टाकत होता. पाणीसुद्धा न विचारता मी त्याला लॅपटॉपसमोर बसवलं.

"तिनंच दाबली," तो म्हणाला. "कळ मीच दाखवलो होतो तिला, गर्दीत काम अडायचं म्हणून. मला म्हणली, अण्णा, मला करायचं न्हाई, पण सरांच्या तोंडावर कसं म्हणू? मी म्हणलो, मी सांगतो."

"मग 'मी दाबलो' कशाला म्हणलास?"

"तू विचारलास तसं. कोणीतरी एकानं शिव्या खायच्याच होत्या. तिचं लगीन व्हायचं होतं."

"आणि माझं? अरे, मला सत्तावीस वर्षं वाटत होतं की तिला मी हवा होतो!"

"तेच तर," तो म्हणाला. "तेवढं तरी राहू दे म्हणलो तुझ्यापाशी."

मी त्याला वाटेल ते बोललो. लिहिण्यासारखं नाही. खरं सांगितलं असतंस तर चार महिने रडलो असतो आणि कुठेतरी संसार केला असता, असंही म्हणालो. शेवटी मी विचारलं, "जातीमुळे नको होतो का रे?"

"मी विचारलो न्हाई. तू बी इचारू नको."

महादेवी अव्वा माझा कप वेगळा ठेवायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, तेव्हा जात नव्हतीच असं मी लिहून देणार नाही. पण एक गोष्ट लिहून देतो. मी समतेवर व्याख्यानं देणारा माणूस, आणि मुलीला एका शब्दाने न विचारता तिच्या भावाकडे तिला मागायला गेलो. मी तिलाच विचारलं असतं तर तिला मला सरळ नाही म्हणता आलं असतं. मी विचारलंच नाही, म्हणून तिला कळ शोधावी लागली.

कलम ६. वरची कलमं ४ व ५ मी याद्वारे रद्द करतो. खोडत मात्र नाही. मी काय समजून जगलो, ते लुंबिनीला वाचू द्यावं.

कलम ७. फाइलमध्ये चारशे अठरा ओळी आहेत. मला वाटायचं, हा चारशे अठरा फसवणुकींचा पुरावा आहे. आता वाटतं, तोंडाने नाही म्हणायची सोय नसलेल्या माणसांचे नकारही त्यात असतील. कोणते कोणते, ते मशीनला ठाऊक नाही, मलाही नाही. पेन ड्राइव्ह फोडून टाकावा. लुंबिनीने धर्माबादला जाऊ नये. मंजुश्रीला काही विचारू नये, काही सांगू नये.

कलम ८. श्रीशैलला मी माफ केलेलं नाही. त्याने माझ्यावर उपकार केला असं तो समजतो. तसला उपकार कोणी कोणावर करू नये. तरी साक्षीदार म्हणून सही करायला मी त्यालाच बसवून ठेवलं आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, नाहीतर भानगड होते, असं लुंबिनी म्हणते. ते त्याला सांगितलं तर म्हणाला, "मला काय नको. सही कुठं करू?"

हा सर्व मजकूर मी शुद्धीवर असताना, स्वतःच्या मर्जीने, कोणाच्याही दबावाखाली न येता लिहिला आहे. मंजुश्रीनेही ती कळ स्वतःच्या मर्जीने, कोणाच्याही दबावाखाली न येता दाबली, असं मी धरून चालतो. दुसरं काही धरलं, तर मला पुन्हा तिची वाट बघावी लागेल.

ठिकाण : लातूर
दिनांक : २० ऑगस्ट २०२५, बुधवार

लिहून ठेवणार : आनंदराज साहेबराव गजभारे (सही)

आमच्या समक्ष सही केली :
१. डॉ. महांतेश हलकुडे, लातूर (सही)
२. श्रीशैल विरूपाक्ष शेटकार, लातूर (सही)