काशीत सोडलेले वाल

१२ डिसेंबर १९३७
डॉ. येऊन गेले. सौ.च्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, नखं दाबून पाहिली, पायावरची सूज पाहिली. बाहेर आल्यावर चपला घालता घालता म्हणाले, "मास्तर, अंगात रक्त नाही. असंच राहिलं तर बाळंतपण झेपायचं नाही." सहावा महिना. लोहाचं औषध उलटून पडतं, दूधही. तुरीचं वरण समोर आलं की तोंड फिरवते. डॉ.नी कलेजी आणि अंड्यांचं नाव काढलं तेव्हा ताईनं आत भांडं आपटलं. माझी ही थोरली बहीण तोंडानं कमी आणि भांड्यांनी जास्त बोलते.

१३ डिसें.
शाळा सुटल्यावर पुन्हा डॉ.कडे. त्यांनी विचारलं, पहिल्या खेपेला काय पचायचं? मी म्हटलं, वाल. बाळूच्या वेळी दोन्ही वेळा वालच खायची. डॉ. खूश झाले. "मग अडलं कुठं? भिजवा, मोड आणा, सालं काढा, अगदी मऊ शिजवा. मांस खाणाऱ्याला मांसातून जे प्रोटीन मिळतं ते यात आहे, लोह आहे. सकाळ-संध्याकाळ वाटीभर. कच्चट राहू देऊ नका, पोटाला बाधतील."
हो हो म्हणून जिना उतरलो. त्यांना काय सांगणार, वाल आमच्या घरात शिजत नाहीत म्हणून.

१४ डिसें.
आज इतवारीच्या बाजारात वालाच्या शेंगांचे ढीग. हंगामच आहे. उभा राहून पाहिले नि रिकाम्या हातानं घरी आलो.
बाळू तापानं गेला, त्यानंतर आम्ही काशीला गेलो होतो. घाटावर भटजी म्हणाले, आवडीची एक वस्तू सोडा, पुण्य लेकराला पोचेल. मी कारलं सोडलं. जन्मात कधी खाल्लं नव्हतं! ताई अजून टोमणे मारते. सौ.नं गंगेत उभी राहून वाल सोडले. मायलेक एकाच ताटात वाल खायचे. बाळू प्रत्येक दाणा बोटानं दाबून बघायचा, शिजला का म्हणून, आणि मग आईच्या तोंडात घालायचा. मला एकही देत नसे, लबाड.
हे लिहायला नको होतं. आज आता पुढं लिहिणं होणार नाही.

१६ डिसें.
सांगितलं एकदाचं. डॉ. काय म्हणाले ते सगळं, प्रोटीनसुद्धा.
सौ. शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "एका लेकराच्या तोंडचं काढून दुसऱ्याले कसं भरवू, सांगा."
मी म्हटलं, पोटातल्याचाही विचार कर. तुझा स्वतःचाही.
"सोडलं म्हणजे सोडलं. मी काय तुमच्यासारखं कारलं सोडलं?"
राग आला. चौथीच्या वर्गावर दिवसभर उगाच ओरडत होतो.

१९ डिसें.
महाल भागातल्या गुरुजींकडे जाऊन आलो. म्हणाले, औषध म्हणून घेतलेल्याला दोष नाही, शास्त्राची मोकळीक आहे. उड्या मारत घरी. सायकल भिंतीला टेकवली तीही नीट नाही, पडली.
सौ. म्हणाली, "तुम्ही गुरुजींले विचारून आले. बाळूले विचारलं काय?"
पडलेली सायकल उचलायला बाहेर आलो. कपाळ.

२१ डिसें.
सूज वाढली. न्हाणीघरातून येताना भिंत धरून येते. मी हात दिला तर म्हणते, मी काय म्हातारी झाली?
ताईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. खालच्या आवाजात, "तू असाच हात चोळत बसून राहा. मी थालीपिठात घालून राहिली वाल. शिजवून, घोटून, ज्वारीच्या पिठात मळून. वर तीळ लावते, कांदा घालते. कळायचं नाही तिले."
मी म्हटलं, ताई, हे पाप आहे.
"असू दे. माझ्या डोक्यावर. तुले पोरगी पायजे का पाप-पुण्य?" सौ.ला ती पोरगीच म्हणते. हिच्यावर करते एवढी माया तिनं माझ्यावरही केली नाही.
मी नाही म्हटलं नाही. इतवारीतून वाल मीच आणले.

२३ डिसें.
पहिलं थालीपीठ. मी पेपर धरून बसलो होतो, एक अक्षर वाचलं नाही. तिनं पूर्ण खाल्लं. उलटी नाही. ताई चुलीकडं तोंड करून पदरानं डोळे पुसत होती, म्हणे धूर झाला.

२८ डिसें.
रोज दोन. कधी तिसरंही मागते. आनंद व्हायला हवा. तिच्यासमोर जेवायला बसणं मला जड जातं. जन्मभर हिच्याशी खोटं बोललो नव्हतो. निदान एवढं मोठं तरी नाही.

५ जाने. १९३८
डॉ. आले. नखांना रंग आहे म्हणाले! सूज उतरते आहे. "वालांनी काम केलं, मास्तर!" खणखणीत आवाजात बोलले. मी त्यांना जवळजवळ ढकलतच बाहेर नेलं. सौ. आत पलंगावर होती. ऐकलं असेल? चेहऱ्यावर काही दिसलं नाही. दिवसभर माझंच मन मला खात राहिलं.

९ जाने.
सुट्टी. थंडी बरीच. सौ. अंगणात ऊन खात बसली होती, थालीपीठ मीच नेऊन दिलं. अर्धं खाल्लं आणि म्हणाली,
"डॉक्टर बोलले म्हणून नाही सांगत. मले पहिल्याच घासाले कळलं होतं. वालाचा वास मी ओळखणार नाही काय?"
मी विचारलं, "मग खाल्लंस काहून?"
"वाटलं, डोळे मिटून गिळावं. औषधावानी. याच्यासाठी." पोटावर हात ठेवला. शेजारी कोणीतरी कपडे आपटत होतं.
"पण चांगलं लागलं हो. लय गोड लागलं. सकाळ झाली की मी त्याची वाट पाहून राहिली. तो तिकडं असा... आणि त्याच्या मायले इकडं वाल गोड लागते."
ती रडली नाही. मी रडलो, भर अंगणात, ऊन अंगावर घेऊन, मास्तर असून. बाळू गेला तेव्हा सगळ्यांना धीर देत फिरलो होतो, तेव्हाचंही सगळं आजच बाहेर आलं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, उठून आतही गेली नाही. उरलेलं थालीपीठ मांडीवर धरून बसली. खाल्लं नाही, परतही दिलं नाही.
तेवढ्यात सौ.च्या पाठीमागं ताई दारात आली. तिला यातलं काहीच ठाऊक नाही. सुपात वाल घेऊन उभी, इशारा करून मला विचारत होती, उद्यासाठी भिजत घालू काय गा?
सौ.नं मान वळवून त्या सुपाकडं पाहिलं.
ताईला मी अजून हो किंवा नाही काहीच सांगितलेलं नाही.