निवडून टाकलेले दाणे

६ जानेवारी
पुन्हा तेच! दिवा स्टेशनजवळ मायाच्या खोलीवर गेले तर ती सूप घेऊन बसलेली आणि शेजारी पेपरावर पिवळट दाण्यांची छोटी रास. आमचेच दाणे — लोह वगैरे घालून तांदळासारखे केलेले, परदेशातल्या संस्थेने खर्च करून फुकटच्या तांदळात मिसळलेले. एकेक वेचून बाजूला.

"ताई, प्लास्टिक आहे ते. पाण्यात टाकलं की वर येतं."

तिची चार वर्षांची सान्वी भिंतीला टेकून, ओठ पांढरेफटक. औषध दिलं की ओकते, म्हणून निदान हा तांदूळ तरी. मार्चच्या तपासणीत रक्त वाढलं नाही तर ॲडमिट करून चढवावं लागेल, असं डॉक्टर बोललेत. आणि ही बाई पोरीच्या ताटातलं औषध काढून चिमण्यांना घालते. वर म्हणते, चिमण्याही खात नाहीत.

९ जानेवारी
ऑफिसात विनीत सरांना सगळं सांगितलं. "लोकांची मानसिकता बदला," म्हणाले. बदलते की. चहा घेऊन लगेच बदलते.

पोस्टरं दिली आहेत. भाताच्या पोस्टरवर हसरी बाई, हातात मक्याचं कणीस. कपाळावर हात मारून घेतला.

१० जानेवारी
मायाने पोस्टर भिंतीच्या ओलीवर चिकटवलं. काहीतरी उपयोग झाला म्हणायचा.

१७ जानेवारी
मायाच्या चाळीत हळदीकुंकू होतं. आम्ही बौद्ध, आमच्यात नसतं. पण एवढ्या बाया आयत्या एका खोलीत कधी सापडणार? तोंड वर करून गेले. नुसत्या त्या दाण्यांचा भात सगळ्यांसमोर शिजवला आणि वरण घालून खाल्ला.

माया म्हणाली, "तुम्हाला पगार आहे ताई, तुम्हाला खावंच लागणार."

सगळ्या हसल्या. माझा पारा चढला. मी म्हणाले, कशाला हवंय एवढं निवडणं? तेव्हा तिची सासू मंजुळाबाई कोपऱ्यातून बोलल्या. "दाताखाली खडा आला की आमचे हे ताट भिरकावायचे. पोरंपण उपाशी राहायची. वेगळा दिसला दाणा की हात आपोआप जातो, बाई."

यावर कोणतं पोस्टर लावू? मग त्यांनीच सुनेला सांगितलं, "ही बाई खाते ना, मग उद्यापासून हे दाणे ठेवायचे. खडे तेवढे काढ."

२६ जानेवारी
मायाकडे डोकावले. सान्वी वरणभात जेवत होती, दाण्यांसकट. मंजुळाबाई समोर पहारा देत बसलेल्या. इतका आनंद झाला की रिक्षावाल्याशी घासाघीस करायची विसरले.

५ फेब्रुवारी
परदेशी पाहुणे येणार. विनीत सरांना एक यशोगाथा हवी, फोटोसकट. म्हटलं, मुलीची तपासणी मार्चमध्ये आहे. तर म्हणतात, "गाथा आत्ता लिहा, तपासणी होईल नंतर." डोकं फिरायची वेळ आली आहे.

१२ फेब्रुवारी
चाळीत तांदळाची नवी पोती आली. मंजुळाबाई सूप घेऊन बसल्या, पाखडून पाखडून पाहिलं. "बाई, यात एकपण नाही." दुसरं पोतं सोडलं. त्यातही नाही.

कोलशेतच्या आमच्या गोदामात पोती सांभाळणाऱ्या मारुतीला फोन लावला. गडी खूश होता. "पाहुणे येणार ना मॅडम, प्लास्टिकची तक्रार नको म्हणून तुमच्या साहेबांनी बायका बसवल्या. सगळे निवडून काढले. एक दाणा सापडणार नाही तुम्हाला."

"काढलेले दाणे कोलशेतला कुठे आहेत?"

"खाडीत टाकले."

मायाला फक्त माझंच बोलणं ऐकू आलं होतं, खाडीचं नाही. पिशवी घेऊन, चपला घालून दारात उभी राहिली.

"कोलशेतला कुठे ते सांगा ताई, मी जाऊन घेऊन येते."