दूध तुटावं म्हणून समुद्रावर

रत्नागिरी जिल्हा,
सोमवार, फेब्रुवारी १९७६

आदरणीय सिंधूताई यांस,

गोपिकेचा सविनय जयभीम. तुमची प्रकृती आणि तुमचा गुडघा बरे असतील अशी आशा आहे. (गुडघा प्रकृतीतच येतो, पण त्याची चौकशी वेगळी केलेली तुम्हाला आवडते, म्हणून वेगळा लिहिला.) ताराची चौकशी करत नाही, कारण ती करायची नाही असं तुम्ही मला इंदोऱ्याच्या फाटकात रिक्षा उभी असताना बजावलं होतं. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. हे वाक्य प्रत्येक पत्रात असतं, म्हणून याही पत्रात आहे. ते कितपत धरायचं, हे पुढचं वाचून ठरवावं.

तुमची योजना मी प्रवासात पुन्हा तपासून पाहिली आणि तिच्यात मला चूक सापडली नाही. तारा आठ महिन्यांची झाली. माझी बिनपगारी रजा या महिनाअखेर संपते. मीटर तपासणीच्या प्रयोगशाळेत लेकरू नेता येत नाही. बाटली दिसली की तारा तोंड मिटते, आणि मी समोर असेपर्यंत मिटूनच ठेवणार. तेव्हा आईने नजरेआड व्हावं, तिचं दूध आटावं आणि लेकराने तिकडे बाटली धरावी. आपल्याकडे त्यासाठी बाईला माहेरी पाठवतात. माझं माहेर आई गेल्यापासून बंद आहे आणि तुमच्या बंधूंचा रेल्वेचा पास वापराविना पडून होता, म्हणून मला समुद्रावर पाठवण्यात आलं. "दूधही तुटते अन् फिरणंही होते, तर रडून काहून राहिली वं?" असं तुम्ही विचारलं होतं. मी रडत नव्हते. सर्दी होती. (ती अजून आहे.)

नागपूर देशाच्या मधोमध आहे याचा आपल्याला अभिमान असतो. त्याचा व्यवहारातला अर्थ इतकाच, की समुद्र कुठल्याही बाजूला जा, सारखाच लांब. मुंबईपर्यंत आगगाडी आणि तिथून एस.टी. एवढ्या वेळात तुमच्या बंधूंनी ताराचं नाव एकदाही घेतलं नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. फक्त त्यांच्या मांडीवर जे काही ठेवलं जाई ते ते थोपटू लागत. आधी थर्मास थोपटला, मग फिरकीचा तांब्या. घाटात एका अनोळखी बाईने आपली पिशवी धरायला दिली, तर तिलाही त्यांनी इतकं हळुवार झोपवलं की उतरताना बाईने पिशवी उघडून आत काय काय आहे ते बघून घेतलं.

विश्रांतीगृह म्हणजे नारळाच्या वाडीतल्या थोड्या खोल्या. दारावर 'निवांत, कुटुंबांसाठी' असं रंगवलेलं आहे. चालवणाऱ्या भागीरथाबाई पन्नाशीच्या, सडसडीत, कपाळ मोकळं. त्यांनी चहा देता देता रीतीप्रमाणे विचारलं, मुलंबाळं काय? तुमचे बंधू "एक मुलगी" म्हणाले. ते उठून अंगणात गेले आणि तिथे पडलेला एक नारळ उचलून थोपटत उभे राहिले. त्याच सुमाराला माझं पोलकं दोन्ही बाजूंनी भिजलं. (तुम्ही छातीला बांधून दिलेला पट्टा घट्ट होता, दोष पट्ट्याचा नाही. ती ताराची दुपारची वेळ होती.) भागीरथाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं, आणि माझ्या हातातला कप काढून घेऊन मला जवळ ओढलं. आमची मुलगी वारली, असा निष्कर्ष त्यांनी त्या क्षणी काढला.

मी लगेच सांगितलं की मुलगी जिवंत आहे, नागपूरला नणंदेकडे आहे आणि आम्ही विश्रांतीसाठी आलो आहोत. त्या म्हणाल्या, "आहे हो बाई, आहे. कुठे जाते?" आणि डोळे पुसले. नंतर मी तेच जास्त तपशिलाने सांगितलं. दात किती आले, रंग कसा, कुठल्या कुशीवर झोपते. जितका तपशील दिला तितक्या त्या जास्त रडल्या. अंगावर पिणारं लेकरू घरी ठेवून कुणी समुद्र बघायला येतं, हे त्यांच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. त्यापेक्षा त्यांना मरण पटलं.

त्या दिवसापासून आमचं जेवण बिनतिखटाचं झालं. (तुमचे बंधू मिरचीशिवाय कसे दिसतात, ते तुम्हाला माहीत आहे.) व्हरांड्यातला रेडिओ बंद झाला. पुण्याचं एक नवं जोडपं शेजारच्या खोलीत आहे. त्यांना काय सांगितलं गेलं कोण जाणे, पण आम्ही दिसलो की ते एकमेकांचा हात सोडतात. त्यांच्या लग्नाला जेमतेम आठवडा झालाय आणि त्यांची सहल आम्ही नासवली, याचं मला वाईट वाटतं. मी त्या मुलीलाही खरं सांगून पाहिलं. तिने मान हलवली आणि लांबून जायला लागली.

मी तुमच्या बंधूंना म्हटलं, तुम्ही पुरुष आहात, तुमच्यावर तरी विश्वास ठेवतील, सांगा. ते म्हणाले, "मी सांगाले गेलो होतो. त्यायनं पाठीवर हात ठेवला, मग मलेच रडू आलं. आता कसं सांगू?" पुराव्यासाठी त्यांनी तुम्हाला तार केली. तुमचं उत्तर पोस्टमनने भागीरथाबाईंच्याच हातात दिलं: 'तारा मजेत. बाटली धरली. आठवण काढत नाही.' मी म्हटलं, आता बघा. त्यांनी ती तार नीट घडी करून मला दिली आणि म्हणाल्या, तुमच्या घरची माणसं फार मायेची आहेत, असं लिहून धीर देतात.

तार वाचून मला समाधान व्हायला हवं होतं. योजना तुमची आणि माझी होती, आणि ती साधली. पण त्या दुपारी वाळूत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की पुरावा म्हणून पाहिलं तर भागीरथाबाईंची बाजू माझ्यापेक्षा भक्कम आहे. त्यांच्याकडे भिजलेलं पोलकं होतं. माझ्याकडे एक कागद होता, आणि त्यावरही हेच लिहिलं होतं की तिला माझी गरज नाही. डोळ्यांत वाळू गेली. (दोन्हींत.)

दुसऱ्या दिवशी त्यांनी ताराच्या नावाने समुद्राला नारळ द्यायचं काढलं. आपल्यात असलं काही करत नाहीत, हे मी स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, दुःखात सुचत नाही माणसाला, मी करते. मी गेले नाही. तुमचे बंधू गेले, कारण त्यांना नाही म्हणता येत नाही. (हे तुम्हीच त्यांना शिकवलं आहे.) त्यांनी नारळ सोडला, लाटेने परत आणला; पुन्हा सोडला, पुन्हा परत. भागीरथाबाई म्हणाल्या, पोरीचा जीव निघायला तयार नाही. यावर तुमचे बंधू भर किनाऱ्यावर हसले आणि "मी सांगून राहिलो होतो ना!" असं ओरडले. गावात आता त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला असं म्हणतात. दुकानदार त्यांना विडीकाडी फुकट देतो.

काल मला ताप भरला. छाती दगड झाली होती, हात लावू देत नव्हती. भागीरथाबाई गरम पाण्याचं पातेलं घेऊन आल्या, पट्टा सोडला आणि फडक्याने शेकत बसल्या. शेकता शेकता म्हणाल्या, त्यांचा मुलगा दहा महिन्यांचा असताना तापाने गेला. दुसऱ्या दिवशी त्या वाडीला पाणी लावायला गेल्या आणि पोलकं असंच भिजलं. घरात सगळ्यांनी पाहिलं, कुणी विचारलं नाही. "तुम्हाला मी विचारलं, म्हणून राग धरू नका हो," म्हणाल्या. त्यानंतर मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. (चूक दिसून ती न नोंदवणं, हे मी नोकरीत आजवर केलेलं नाही.) त्यांनी माझ्याऐवजी रडायचं थांबवू नये, असं वाटलं.

एकूण विश्रांती चांगली झाली. हवा मानवली. दूध जवळजवळ आटलं आहे, पट्ट्याचा उपयोग झाला, आणि महिनाअखेर मी कामावर रुजू होण्यात अडचण नाही. तुम्ही आमच्यासाठी एवढा त्रास घेतलात, याचे उपकार शब्दांत मांडता येत नाहीत, आणि माझ्याकडून तसे मांडलेही जाणार नाहीत, हे तुम्ही जाणताच.

तुमची,
गोपिका

ता. क. : तुमच्यासाठी काजू आणि कोकम घेतलं आहे. हे पत्र एक्सप्रेस डिलिव्हरीने टाकते, म्हणजे आमच्या आधी पोचेल. आम्ही शुक्रवारी सकाळच्या गाडीने येतो.

ता. क. दुसरा : तुमचे बंधू शेजारी बसून सांगत आहेत, "ताईले लिही, मी एकदम मजेत आहो." लिहिलं. (ते आता तोंड धुवायला गेले.)

ता. क. तिसरा : दुधाबद्दल वर लिहिलं ते खरं नाही. आटलेलं नाही. पट्टा कालपासून बांधलेला नाही आणि आता बांधणार नाही. भागीरथाबाईंनी कसं पिळायचं ते दाखवलं, ते मी ताराच्या प्रत्येक वेळेला करते आहे, दूध राहावं म्हणून. महिनाअखेर कामावर जाईन, दुपारच्या सुट्टीत सदरच्या प्रयोगशाळेतून सायकलने घरी येऊन पाजेन आणि परत जाईन. साहेबांना विचारलेलं नाही, सांगणार आहे. तुम्हालाही तसंच सांगते आहे, राग मानू नये. एकच विनंती. शुक्रवारी ताराला घेऊन स्टेशनवर या, आणि त्या सकाळी तिला बाटली देऊ नका. रडेल. रडू द्या. भुकेली आणा. येताना एक मोठी शाल आणा, फलाटावर आडोसा नसतो. तिने मला ओळखलं नाही आणि तोंड फिरवलं, तर काही बोलू नका, आणि शाल तरीही माझ्यावर टाका.