मडकं पळालं म्हणे

प्रिय मालिवान,

गुडघे दुखतात, भात कापून झाला, कोंबड्या बऱ्या आहेत. झाली खुशाली. फोनवरच बोलले असते, पण कापड रंगवायच्या निळीच्या मडक्याचा विषय निघाला की तुला प्रयोगशाळेत नेमकं कोणीतरी हाक मारतं. कागदाचं तसं नाही. चौथीपर्यंतच शिकलेय, अक्षर वेडंवाकडं आहे, तरी वाच.

आपल्या गावच्या रंगारी बायकांच्या गटाचं मोठं मडकं पळालं. मेलं म्हणायची चोरी, पळालं म्हणायचं, जसं काय त्याला पाय होते! मी जाऊन बघितलं. वरचा तांबूस फेस गेलेला, खालचं पिवळं-हिरवं पाणी काळंनिळं पडलेलं, आणि वास असा की आंबवलेली मासळी बरी. त्या घाणीसमोर आपली अध्यक्षीण बुनलाय जाईच्या माळा लावून, उदबत्त्या पेटवून हात जोडून बसलेली. मला शिसारी आली. मडक्याची नाही, तिची.

हे का झालं ते तुला सांगायला नको. बुनलायनं हल्ली पाहुण्यांच्या बसगाड्या आणायला सुरुवात केलीय. आपण सकाळी एकदा वाडग्यानं पाणी उचलायचं, वरून ओतायचं, फेस बघायचा, झाकण घालायचं. हिनं काय केलं, येईल त्या पाहुण्याच्या हातात वाडगं दिलं. फेस छान दिसतो ना फोटोत! सकाळपासून सांजेपर्यंत ओता आणि ओता. एक गोरा तर ओतता ओतता गात होता. मी म्हटलं, अगं बुनलाय, पुरे कर, दमलं ते मडकं. तर मला म्हणते, थोंगसायताई, तुम्हाला धंद्यातलं कळत नाही, तुम्ही आपल्या कोंबड्या बघा.

तू मागं एकदा मला समजावलं होतंस, आठवतं? पाण्यात बारीक जीव असतात, ते निळीला आपल्याकडचे इलेक्ट्रॉन देतात, तेव्हाच ती पाण्यात विरघळते आणि पिवळी दिसते. कापड बाहेर काढलं की हवा ते कण काढून घेते, नीळ परत निळी होऊन धाग्यात अडकून बसते. पिवळी असताना ती निळा-जांभळा उजेड गिळते, निळी असताना नारिंगी. मी म्हटलं होतं, मग एवढ्यासाठी तुला इतकी वर्षं शिकवलं? तू हसली होतीस. खरं सांगते, उजेड गिळण्याचं मला अजून नीट कळलेलं नाही. पण घेण्या-देण्याचं कळतं. दिवसभर हवा घुसळलीस तर ते बिचारे जीव कुठवर देणार?

पण गावाला हवा दिसत नाही, बाई दिसते. बुनलायची नवी सून आहे, लामयाय. हसरी पोर, हात चांगला, जेवायला बसली की तिखट पपईचं सगळं सॅलड एकटी संपवते. मडकं पळालं त्या दिवशी ती बाहेरची होती आणि मडक्याच्या झोपडीत सरपण ठेवून आली. झालं. बायका लागल्या कुजबुजायला. एक म्हणाली, मडक्याला तिचा वास आला. मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याच्या दारूचा येत नाही वाटतं त्याला? सगळ्या हसल्या, पण ऐकलं कोणी नाही. आता लामयायनं मडक्यापुढे गुडघे टेकून, फुलं वाहून माफी मागायची आहे. नाहीतर गटातून बाहेर. आणि तेही टीव्हीवाल्यांसमोर, म्हणजे पाहुण्यांना परंपरा बघायला मिळेल. पोरीचं हसणं बंद झालंय. काल मला म्हणाली, मावशी, मागते मी माफी, कदाचित माझीच चूक असेल. ते ऐकून माझ्या तोंडाला जी कडू चव आली ती अजून गेली नाही.

तुझंही असंच झालं, आईचं मडकं पळालं आणि खापर तुझ्या पाळीवर फुटलं, तेव्हा मी बँकॉकला कपड्यांच्या कारखान्यात होते. परत आले तोवर तू शहरातल्या वसतिगृहात गेली होतीस. तुझी आई म्हणाली, पोर शाळेत हुशार आहे. एवढंच म्हणाली. बाकीचं मला गावानं सांगितलं, मिटक्या मारत. तुझ्या आईच्या अंत्यविधीला तू आलीस तेव्हा सगळ्या घरात फिरलीस, फक्त परसातल्या मडक्याच्या झोपडीच्या उंबऱ्याशी चपला काढल्यास आणि परत घातल्यास. मी चुलीपाशी होते. बघितलं मी.

तुझ्या आईनं ते मडकं नंतर पुन्हा लावलं होतं, ते आता माझ्याकडे आहे. जितं आहे. रोज राखेचं पाणी, चिंच, जीभ लावून चव. लाडबीड नाही.

माफीचा दिवस टीव्हीवाल्यांच्या सवडीनं ठरायचा आहे. मी बुनलायला सांगितलंय, आधी सगळ्या बायकांना घेऊन माझ्या परसात ये, मग काय तो तमाशा कर. कधी, ते तुझ्यावर ठेवलंय. म्हणून हे पत्र. खोन काएनहून बस पकड आणि ये. व्याख्यान नको, कोणी ऐकणार नाही. बायका दिवस सांभाळून मडक्याजवळ जातात ना, तू उलटं कर. नेमकी त्याच दिवसांत ये. बायकांना ते मी आधीच सांगणार आहे, तुला लाज वाटली तरी. लामयायला शेजारी बसव आणि आईच्या मडक्यात कोपरापर्यंत हात घाल. पळालं तर पळालं, दुसरं लावू. पण मला नाही वाटत पळेल. मग कापड वर काढ आणि गप्प उभी राहा. ते पिवळ्याचं निळं होताना त्या सगळ्यांना बघू दे.

तुझीच,
थोंगसाय मावशी