ती वीस मिनिटं

सोम. २३ सप्टें.
रॉटरडॅमला येऊन सात आठवडे. आज एकटी जाऊन भाजी आणली. नितीन (पुढे नि., हात दुखतो) म्हणाला, "वा, झालीस की इथली!" कसली इथली. ट्राममधून उतरताना कार्ड लावायला विसरले आणि घरापर्यंत मागून कोणी हाक मारतंय असंच वाटत राहिलं. माहेरी थळला एसटीचा कंडक्टरसुद्धा नावाने ओळखायचा. इथे मला ओळखते ती एक सानू, तीही नऊ महिन्यांची.

शुक्र. २७ सप्टें.
इथलं दार ओढलं की लागतं, बाहेरून चावीशिवाय उघडत नाही. नि. म्हणतो, चावी गळ्यात अडकव. आमच्याकडे दिवसा दार लागलेलं दिसलं तर शेजारी विचारायला येतात, काय झालं म्हणून. त्याला सांगून उपयोग नाही. तळा गावचा असून इथे पाच वर्षांत पक्का साहेब झालाय.

बुध. २ ऑक्टो. सर्वपित्री
लिहवत नाही. सानू बरी आहे. सानू बरी आहे.

गुरु. ३ ऑक्टो.
काल मामंजींचं पान होतं. तळ्याला सासूबाईंनी केलंच, पण त्यांचा हट्ट, मुलाच्या घरूनही घास गेला पाहिजे. नि. कामावर. खीर, वडे, भोपळ्याची भाजी केली. केळीचं पान कुठलं, कागदी प्लेट. सानू झोपली होती. घर तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनी नाही, म्हणून घास मागच्या अंगणातल्या भिंतीवर ठेवायला खाली गेले. दार नुसतं लोटून. चावी आत, फोन आत.

कावळे होते चांगले चार. एकही शिवेना. न शिवलेला घास टाकून कसं यायचं? अशा वेळी सासूबाई गेलेल्या माणसाशी बोलतात, त्याची राहिलेली इच्छा पुरी करायचं वचन देतात. मीही हात जोडले. मामंजी, तळ्याचं घर पुरं करू. नाही. सासूबाईंना इकडे आणू. नाही. शेवटी म्हटलं, तुमच्या नातीला डोळ्यात तेल घालून सांभाळीन. आला मेला लगेच आणि वडा उचलला.

खुशीत वर गेले. वाऱ्याने दार लागलेलं, आत सानू रडतेय. मी दारावर हात आपटले, किंचाळले. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी तिचं रडणं ऐकून पोलिसांना आधीच बोलावलं होतं. दार फोडलं. सानू लालबुंद, रडून श्वास पुरत नव्हता. पोलिसाने विचारलं, कुठे होतात? मला एकच शब्द सुचला, "क्रो."

सोम. ७ ऑक्टो.
पत्र. मुलांची काळजी बघणाऱ्या सरकारी ऑफिसातून. गुरुवारी १७ला दोघी घरी येणार, मूल कसं राहतं ते बघायला. समोरच्या बिल्डिंगमधल्या वंदनाताईंना दाखवलं. "घाबरू नकोस गं," म्हणाल्या, आणि लगेच त्या ऑफिसाने कोणाचं तरी मूल तीन महिने नेऊन ठेवलं होतं ते सांगितलं. ऐकीव आहे म्हणे.

शनि. १२ ऑक्टो.
सानूचं काजळ पुसलं. कमरेचा काळा दोरा काढला, परत बांधला, परत काढला. सासूबाईंचा फोन. "कावला शिवला ना गो? मंग कशाला घाबरतीस? त्यांचा हात हाय पोरीवर." मला भीती वाटते एवढंच त्यांना माहीत, बाकीचं सांगितलेलं नाही.

आता सानू रडली की मी आधी खिडकी लावते, मग तिला उचलते. आजच लक्षात आलं हे.

बुध. १६ ऑक्टो.
नि.ची तयारी चालली आहे. "कचरा टाकायला गेले होते म्हण. दोन मिनिटं. कावळाबिवळा काढू नकोस, वेड्यात काढतील." मी म्हटलं, वडील तुझे होते. तो मोरीत जाऊन नळ सोडून बसला. बाहेर आला तेव्हा डोळे सुजलेले. तोही घाबरलाय म्हणजे. मला वाटायचं मी एकटीच.

गुरु. १७ ऑक्टो.
आल्या. एक म्हातारी, एक माझ्याएवढी. न सांगता बूट दारात काढले. पाळणा, फ्रिज, खिडक्यांच्या कड्या पाहिल्या. सानू म्हातारीच्या चष्म्याला झोंबत होती.

तरुणीने विचारलं, किती वेळ बाहेर होतात? नि. मध्येच म्हणाला, दोन मिनिटं. मी म्हटलं, वीस. मोडक्यातोडक्या इंग्रजीत घास, मामंजी, कावळा, सगळं सांगितलं. हसल्या नाहीत. तरुणी लिहीत होती. म्हातारीने अगदी सावकाश विचारलं, पक्षी आला नसता तर किती वेळ थांबला असतात?

पंधरा दिवस भीतीने जीव अर्धा झाला, पण हे मनात आलंच नव्हतं. म्हटलं, माहीत नाही. खोटं बोलले. शिवेपर्यंत थांबले असते. म्हातारीला ते कळलं. नि.लाही कळलं.

पत्राने कळवू म्हणाल्या. कधी, ते नाही.

त्या गेल्यावर नि.ने माझ्या कडेवरून सानूला घेतलं. थोड्या वेळाने मी हात पुढे केले. म्हणाला, "राहू दे माझ्याकडे."
अजून त्याच्याकडेच आहे.