शेवटच्या बाकावरून जे दिसलं

मी, खाली सही करणारा, वय एक्याऐंशी, निवृत्त मुख्याध्यापक. डोकं ठिकाणावर आहे. कोणी माझे कान भरलेले नाहीत. माझ्या पश्चात काय कोणाला, ते राजीखुशीने लिहून ठेवतो.

१. राहतं घर मुलाचं आणि सूनबाईचं. खिडकीजवळची खुर्ची हलवू नये; तिथून शाळेची घंटा ऐकू येते.

२. मनगटी घड्याळ शाळेच्या जुन्या शिपायाला. कविता ऐन रंगात आली की हा गृहस्थ दोन मिनिटं आधीच घंटा द्यायचा. माझा राग संपला.

३. कवितांची जुनी क्रमिक पुस्तकं नातीला. समासात मी शिसपेन्सिलीने काढलेले पक्षी खोडू नयेत.

४. निळी वही. खरं तर हिच्यासाठीच हा खटाटोप. पाठ-निरीक्षणाला मी शेवटच्या बाकावर बसे. छापील फॉर्मवर शेरा लिही आणि डोळ्यांनी पाहिलेलं या वहीत, स्वतःपुरतं. एके दिवशी, तेव्हा नव्याच लागलेल्या एक बाई नदीची कविता शिकवत होत्या. एक ओळ म्हणून त्या थांबल्या, बराच वेळ. माझ्या शेजारी एक मुलगी होती, कधी तोंड न उघडणारी. तिने पुढची ओळ स्वतःच जुळवली आणि पुटपुटली. फळ्यापाशी ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं. मी वहीत टिपलं. फॉर्मवर लिहिलं, ‘वेळेचे नियोजन सुधारावे.’

दारात बाईंनी विचारलं, “सर, मुलांपर्यंत पोचली का हो कविता? मला पुढून काही कळत नाही.”

मी म्हणालो, “शेऱ्यात सगळं आहे.”

त्यानंतर बाई कधी थांबल्या नाहीत. अर्थ सांगत, उत्तरं उतरवून देत; आणि मी ‘उत्तम प्रगती’ लिहीत गेलो. आज त्या तिथेच मुख्याध्यापिका आहेत. सूनबाई त्यांच्या हाताखाली शिकवते. गेल्या आठवड्यात ती शेरा घेऊन आली: ‘वेळेचे नियोजन सुधारावे.’ जेवली नाही नीट.

वही माझ्या पश्चात बाईंना द्यावी.

ताजा कलम: साक्षीला बोलावलेल्या शेजारच्या शिंप्यांनी हे वाचून चष्मा कपाळावर चढवला. “मास्तर, पश्चात कशाला? बाई दोन गल्ल्या सोडून तर राहतात.”

सबब कलम चारचं शेवटचं वाक्य रद्द. वही उद्या शाळा सुटल्यावर मीच नेऊन देईन. तोवर काही बरंवाईट झालंच, तर सूनबाईने न्यावी. आणि अठ्ठावीस वर्षं अडवून धरलेलं उत्तर सोबत सांगावं: पोचली होती, बाई.

लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार: शेजारचे शिंपी (सही), औषधं देणाऱ्या डॉक्टरीणबाई (सही)
स्थळ: खिडकीजवळची खुर्ची
दिनांक: १४ नोव्हेंबर, गुरुवार, मधली सुट्टी संपताना